माले नही परवडस

आज सकाळी दुकान उघडून मी पहिलं मशीन पुसायला घेतलं आणि तू बोललास. "काम झायं का?" तोच आवाज, शेवटचा शब्द जरा वर उचललेला. मी फडका हातात धरून तशीच उभी राहिले. मग लक्षात आलं की फोन बोलला. तुझ्या ॲपमध्ये एखादं काम कोणाकडे गेलं आणि दहा दिवसांत त्या माणसाने काहीच कळवलं नाही, तर ॲप स्वतःहून विचारतं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तू सगळे प्रश्न आपल्या आवाजात भरून ठेवलेस, म्हणून विचारतं तेही तुझ्याच आवाजात. खाली दोन बटणं आली. एक "झालं", एक "राहिलं".

काम तुझं होतं, रायसिंग. माझ्या नावावर आलं होतं. तुला जाऊन नऊ दिवस झाले आणि तू मला विचारतोस, झालं का.

आता दुपार कलली आहे. मी कुठलंच बटण दाबलेलं नाही. त्याआधी मला तुझ्याशी भांडायचं आहे. मागचे चार महिने मी तुझ्याशी एक शब्द बोलले नाही, तेव्हा साचलं आहे पुष्कळ. तू मध्ये बोलणार नाहीस असं हे पहिलंच भांडण.

तू शेजारचा गाळा घेतलास तो दिवस मला आठवतो. मी माझी चार मशिनं नेहमीसारखी तुझ्या शटरसमोर मांडली होती. गाळा वर्षभर रिकामा होता आणि रिकामी जागा मी नाही वापरणार तर कोण. तू पोलिओचा पाय मागे ओढत, काठी टेकत आलास आणि म्हणालास, "अक्का, तू जरा सरक. माले शटर उघडू दे."

"तू कोणाला म्हणतोस रे? मी काय तुझ्या वर्गात होते?"

"आमच्या बोलीत सगळ्यांना तूच म्हणतात. देवालाही."

"तहसीलदाराला म्हणून दाखव."

"म्हटलं होतं एकदा. त्याने खुर्ची दिली."

मला आलेलं हसू मी गिळलं. हसलं की भाव पडतो. मशिनं मात्र सरकवली.

तू डोंगरातला, काठीकडचा. "गाव काठी, हातात काठी, नाव विसरलात तरी चालेल," असं गिऱ्हाइकांना सांगायचास. मी खालच्या सपाटीतल्या कोरीटची. एका हातमशीनवर या शहरात आले, सुरतेच्या भंगारातून जुनी शिलाई मशिनं आणायला लागले, खोलून, जोडून, तेल पाजून विकायला लागले. मला कोणी काही दिलं नाही आणि मी कोणाला काही फुकट सोडलं नाही. भाव करणं ही माझी एकच विद्या. लोक मला तोंडावर अक्का म्हणतात आणि माघारी जे म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

तुझं दुकान लोकांचे अर्ज भरून द्यायचं. नाव चुकलेलं दुरुस्त कर, अंगठा उमटत नाही त्याचं काहीतरी कर, हे दिवसभर. त्या अर्जांत बऱ्याचदा एक रकाना असायचा, "कौशल्य". तू विचारायचास, काय काय येतं? आणि माणसं म्हणायची, काही नाही. रोज. बांबू फोडून टोपली विणणारा म्हणायचा, काही नाही. रानातला कुठला पाला जखमेवर बांधायचा ते जाणणारी म्हणायची, काही नाही. तू ते लिहायचास, आणि गिऱ्हाईक गेलं की काठी जमिनीवर आपटायचास. मला वाटायचं याला पायात कळ येत असेल.

मग एकदा रनाळ्याच्या सुपडाबाई आल्या. मी तुझ्याकडे पंखा मागायला आले होते, दारातच उभी होते.

"आजी, तुले काय काय येस?"

"माले काय येस, दादा. काहीच नही."

"स्वयंपाक?"

"तो ते समदासले येस."

तू पेन खाली ठेवलास. "बरं. तुन्हा दारमा लोके कसाले येतस?"

म्हातारी विचारात पडली. हे तिला कोणी विचारलं नव्हतं. "नवी सून रडाले लागनी का मन्हाकडे आनीसन बसाडतस," ती म्हणाली.

"मंग तू काय करस?"

"काही नही. तिनाजोडे बठस."

अर्जाच्या रकान्यात ते मावणारं नव्हतं. तू एका पाठकोऱ्या कागदावर लिहिलंस, "रडणाऱ्या माणसाजवळ बसणे." तो कागद अजून तुझ्या भिंतीवर आहे. तुझ्या ॲपचं पहिलं पान त्या दिवशी तयार झालं. त्यात कौशल्य हा शब्दच नव्हता. "तुमच्या दारात लोक कशासाठी येतात?" एवढंच विचारायचं आणि माणसाने बोलून उत्तर द्यायचं, अहिराणीत, भिलीत, ज्यात येईल त्यात.

तू मला समजावलंस तेव्हा मी मोटरचा पट्टा बदलत होते, तरी ऐकलं. तू म्हणालास की या शहरात डोंगरातून उतरलेल्या माणसाला दोनच कामं मिळतात, ओझं उचल नाहीतर वीट उचल. त्याला आणखी काय येतं ते विचारायला कोणी बसत नाही. लंगड्याला तेवढंही देत नाहीत. म्हाताऱ्याला कोपरा दाखवतात. आणि त्याच शहरात शंभर घरांना ज्या गोष्टी हव्या असतात त्या या लोकांना येत असतात. डोंगरात तुमच्याकडे लाहा असते. एखाद्याच्या शेतात निंदणी तुंबली की निरोप जातो, पाड्यातल्या घराघरातून माणूस येतो, काम उरकतं, आणि ज्याचं काम तो सगळ्यांना जेवू घालतो. उद्या दुसऱ्याची पाळी. "इथे निरोप जायला वाटच नाही," तू म्हणालास. "मी वाट करतो."

"नाव काय ठेवशील?"

"लाहा."

"लाह्या विकतोस वाटेल लोकांना."

"येऊ देत लाह्या घ्यायला. आत आले की सांगू."

दोन वर्षं आपण त्याच्यावर भांडलो. मला वाटतं त्या दोन वर्षांत मी जेवढी जिवंत होते तेवढी आधी कधी नव्हते, पण हे मी आज लिहिते आहे, तेव्हा तुला म्हटलं नाही. तेव्हा मी म्हणत होते, भाव टाक. प्रत्येकाने आपल्या तासाचा भाव लिहावा, समोरच्याने पाडून मागावा, बाजार आपोआप उभा राहतो. तू म्हणायचास, तासाला तास. मी तुझ्यासाठी एक तास दिला, तू तिसऱ्या कोणासाठी एक तास दे. बस.

"माझा तास आणि सुपडाबाईंचा तास सारखा?"

"सारखा."

"माझा तास घडवायला मला तीस वर्षं लागली."

"तिला सत्तर लागली," तू म्हणालास आणि चहा मागवलास.

मी म्हटलं, मग निदान कामाला चांदण्या देऊ दे, चांगल्याला पाच, वाईटाला एक. तू म्हणालास, म्हातारी जवळ बसली तिला किती चांदण्या द्यायच्या ते आधी सांग. मी म्हटलं, पत्ता लिहिताना पायऱ्या किती आहेत ते कशाला विचारतोस, एवढ्याने लोक कंटाळतील. तू माझ्या दुकानाच्या तीन पायऱ्यांकडे बघितलंस. दोन वर्षं तू माझ्या दुकानाच्या खालच्या पायरीवर बसून माझ्याशी भांडत होतास, हे मला त्या क्षणी दिसलं. तू एकदाही आत आला नव्हतास.

दुसऱ्या दिवशी मी गाळ्यांच्या मालकाकडे गेले. शेठ भला माणूस, पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं घर, पण सिमेंटचं नाव काढलं की त्यांची पाठ दुखते. मी तीन तास त्यांच्या गादीवर ठाण मांडलं. पाणी पीत राहिले, उठले नाही. शेवटी ते म्हणाले, "बेन, उतार करून घ्या, पण घरी जा." पायऱ्यांवर उतार झाला. तू पहिल्यांदा आत आलास, सगळ्या मशिनांवरून एकदा हात फिरवलास आणि म्हणालास, "अंधार फार आहे तुझ्या दुकानात." बाकी एक शब्द नाही. मी मनात टिपून ठेवलं.

माझी एकच गोष्ट तू घेतलीस. मी म्हटलं होतं, ज्याने काम घेतलं आणि केलं नाही त्याचं नाव सगळ्यांना दिसलं पाहिजे. तुला ते आवडलं नव्हतं. लाहाला जो आला नाही त्याला तुमच्याकडे कोणी जाब विचारत नाही, त्याच्या घरी काही अडलं असेल असं धरतात. मी म्हटलं, हा डोंगर नाही, बाजार आहे. इथे शब्द मोडणाऱ्याचं नाव चारचौघांत घेतलं नाही तर तो उद्याही मोडेल. आठ दिवस तू कुरकुरलास आणि मग घातलंस. "राहिलं" हे बटण दाबलं की ते काम आसपासच्या सगळ्या फोनांवर परत जातं आणि वर लिहून येतं, हे काम अमक्याकडून राहिलं. त्या दिवशी मला जिंकल्यासारखं वाटलं.

आणि आवाज भरायचा होता तो दिवस. तुझ्या गाळ्यात रस्त्याचा गोंगाट, म्हणून तू माझ्या मागच्या खोलीत मशिनांच्या खोक्यांवर बसलास. मी पुढे एका गिऱ्हाइकाशी झुंजत होते. माणूस अडकलाय, कोण येतं, हे तू फोन तोंडाशी धरून अहिराणीत म्हणत होतास, "एक माणूस अडकेल शे. कोन येस?" नंतर ऐकलं तर तुझ्या प्रश्नाच्या मागून माझा आवाज. "नही, नही. माले नही परवडस."

मी म्हटलं, पुसून टाक, परत भर. तू पोट धरून हसत होतास. "राहू दे, अक्का. हा बाजाराचा आवाज आहे. लोकांना खरं वाटेल." तू भिलीतला निरोप वेगळा भरलास, त्याच्यात मी नाही. पण अहिराणीतल्या प्रत्येक निरोपात मी आहे. ॲप सुरू झाल्यावर कुणाच्या फोनवर तो वाजला की बाजारातली माणसं माझ्याकडे बघून हसायची. चहावाला तर चहा देताना म्हणायचा, "अक्का, परवडस का आज?"

आता तुझा गुन्हा सांगते. ॲपच्या सुरुवातीचा कार्यक्रम होता, मंगल कार्यालयात. मी जरीची साडी नेसले होते. खुर्च्या मी ठरवल्या होत्या, मांडववाल्याशी मी वाद घातला होता. तू पडद्यावर आभाराचं पान दाखवलंस आणि एकेक नाव वाचलंस. फोन देणारा, मांडववाला, शेठ, तुझे आश्रमशाळेतले गुरुजी. शेठचं नाव आलं. ज्या उताराला ते नाही म्हणत होते त्या उतारासाठी त्यांचे आभार. माझं नाव आलं नाही. मी शेवटपर्यंत वाट बघितली, मग लोक टाळ्या वाजवत असतानाच उठून चालू लागले. तू मागून हाक मारलीस, "अक्का, जेवण आहे." मी म्हटलं, "ज्यांचे आभार मानलेस त्यांना वाढ."

त्या दिवसापासून मी तुझं ॲप उघडलं नाही. त्याचा आवाज बंद केला. तू उतारावरून आत आलास की मी मागच्या खोलीत जायचे. दोनदा तू खोक्यावर बसून राहिलास आणि निघून गेलास. तिसऱ्यांदा आला नाहीस. मी ठरवलं होतं की आधी तू बोलायचं. भाव करताना जो आधी बोलतो तो हरतो, आणि मला गप्प बसता येतं. या शहरात माझ्याइतकं कोणाला येत नाही.

तू आजारी आहेस हे मला माहीत होतं. खोकला भिंतीतून ऐकू यायचा. चहावाल्याने तुला दवाखान्यात पोचवलं तेही कळलं. मला वाटलं दोन दिवसांत येशील, आणि आलास की चेहरा उतरलेला असेल, तेव्हा बोलणं सोपं जाईल. असा हिशेब मी केला.

तुला बाहेरगावच्या मोठ्या दवाखान्यात हलवायचं ठरलं होतं. कागद घेऊन धावायला, गाडी ठरवायला, घाई करा म्हणून समोरच्याच्या छातीवर बसायला तुझ्याजवळ कोणी नव्हतं. तुझी माणसं डोंगरातून निघाली होती, वाटेत होती. तोंडावर नळी होती, तुला बोलता येत नव्हतं. बोटं मोकळी होती. भर दुपारी तू तुझ्याच ॲपवर लिहिलंस, "दवाखान्यात आहे. माझ्या बाजूने भांडायला माणूस हवा. लवकर."

तो निरोप एकाच माणसाकडे गेला, कारण "बाजू घेऊन भांडणे" या कामाखाली पूर्ण शहरात एकच नाव होतं. मी ते नाव तिथे घातलेलं नव्हतं.

त्या दुपारी मी दुकानात होते. फोन गल्ल्याजवळ पालथा पडला होता, मुका. एक शिंपी मोटर घ्यायला आला होता आणि आम्ही दीड तास घासाघीस केली. मी जिंकले.

तू दुसऱ्या दिवशी सकाळी गेलास. तुला डोंगरात नेलं तेव्हा मी गाडीमागे चार पावलं आले आणि थांबले, कारण कोणत्या नात्याने पुढे यायचं ते मला ठरवता आलं नाही. तिसऱ्या दिवशी ते ॲप फोनमधून काढून टाकावं म्हणून उघडलं. तेव्हा तुझा निरोप दिसला. आणि त्याच्या वर माझं पान दिसलं, जे मी कधीच भरलं नव्हतं. तू भरलं होतंस. कार्यक्रमाच्या दिवशीच, सकाळी, म्हणजे मी रुसायच्या आधी.

तुमच्या दारात लोक कशासाठी येतात? "भाव करायला येतात आणि हरून जातात. पण ज्याला बोलता येत नाही त्याच्या बाजूला ही उभी राहिली की समोरचा हरतो. एकदा हिने माझ्यासाठी तीन पायऱ्या हरवल्या."

मी ॲपचा आवाज परत चालू केला. मग एक गोष्ट आठवली, जी तू कधीतरी खालच्या पायरीवर बसून सांगितली होतीस आणि मी मोटर खोलताना ऐकल्यासारखं केलं होतं. तुमच्या बोलीत आभाराला शब्द नाही. लाहाला आलेल्याला कोणी आभार म्हणत नाही, त्याला ताटावर बसवतात. आभार परक्यांचे मानायचे, तू म्हणाला होतास. त्या पडद्यावर तू परक्यांची नावं वाचत होतास. आणि मला हाक मारून म्हणालास, जेवण आहे.

हे मला तेव्हा कळायला हवं होतं. इतकी वर्षं माणसं ओळखून पोट भरलं मी.

मी डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, दुपारीच हलवलं असतं तरी फार फरक पडला नसता."

"फार म्हणजे किती?"

"असं सांगता येत नाही."

"थोडा पडला असता?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. वाईट माणूस नव्हता तो. "तुम्ही घरी जा," म्हणाले. पण मी जन्मभर "फार" आणि "थोडा" यांच्या मधल्या जागेत उभी राहून कमावलं आहे, रायसिंग. ती जागा केवढी असते ते मला कोणी सांगू नये. त्या जागेत तू असतास.

तुझी आई सहाव्या दिवशी आली, तुझ्या मृत्यूचा दाखला घ्यायला. गावभराच्या नावांच्या चुका दुरुस्त करणाऱ्या तुझंच नाव दोन कागदांवर दोन प्रकारे होतं. एकात रायसिंग, दुसऱ्यात रायसींग. खिडकीवरच्या माणसाने तिला परत पाठवलं. मी तिला घेऊन गेले. त्याच्यासमोर उभी राहिले, आवाज चढवला, त्याच्या वरच्या साहेबाचं दार ढकललं. पाव तास लागला. दाखला हातात घेऊन बाहेर आले आणि भिंतीला टेकले. एवढंच काम होतं माझं. पाव तासाचं. तुझ्या आईला वाटलं मला चक्कर आली, ती पदराने वारा घालत राहिली.

ती अजून तुझ्या गाळ्यात आहे. तुझा चुलतभाऊ सामान न्यायला गाडी शोधतो आहे. परवापासून सुपडाबाई रोज रनाळ्याहून येतात आणि तिच्याजवळ बसतात. कोणी बोलावलं नाही, ॲपवर कसली मागणी नव्हती. एकीला भिली येते, दुसरीला अहिराणी. दोघी काही बोलत नाहीत.

आता ही दोन बटणं. "झालं" दाबलं तर ते खोटं, आणि ते फक्त तुला आणि मला कळेल. "राहिलं" दाबलं तर माझ्याच नियमाने माझं नाव सगळ्या बाजाराला दिसेल. मी तिसऱ्या बटणासाठी तुझ्याशी किती भांडले होते. "जमलं नाही" असं एक बटण ठेव, म्हटलं होतं, माणसाला मान राखून मागे सरकता आलं पाहिजे. तू म्हणालास, "ज्याचं काम राहिलं त्याला दोन्हींत काय फरक, अक्का?"

इथवर लिहून मी थांबले होते. पुढचं संध्याकाळी लिहिते आहे.

मी "राहिलं" दाबलं. बाजार भरलेला होता. आधी चहावाल्याचा फोन बोलला, मग समोरच्या कापडवाल्याचा, मग रस्त्यात कोणाच्या तरी खिशातला, मग एकामागून एक सगळे. एक माणूस अडकेल शे, कोन येस. आणि मागून मी. नही, नही, माले नही परवडस. दहा-बारा फोन, एकमेकांच्या पाठोपाठ, तू बोलावतोस आणि मी नाही म्हणते. माणसांनी फोन डोळ्यांपुढे धरले. हे काम अक्का यांच्याकडून राहिलं. खाली तुझी ओळ, दवाखान्यात आहे. कोणी हसलं नाही. चहावाल्याने किटली खाली ठेवली. दोन-तीन जण उतारापाशी आले आणि तिथेच उभे राहिले. काय काम आहे ते कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगण्यासारखं काही माझ्याजवळ नव्हतं.

एका गोष्टीचा मी विचारच केला नव्हता. तुझी आई गाळ्यात बसलेली होती. तिला कमी ऐकू येतं, पण तुझा आवाज तिला ऐकू आला. ती उठून बाहेर आली. आधी चहावाल्याकडे बघितलं, मग कापडवाल्याकडे, मग रस्त्यातल्या माणसाकडे. जिकडून तू बोलत होतास तिकडे ती वळत होती, आणि तू दुसरीकडून बोलत होतास.

फोन एकेक करून गप्प झाले. मग ती माझ्याकडे वळली. बाजारात विकून विकून जेवढी अहिराणी तिच्या तोंडात आहे तेवढ्यात तिने विचारलं, "त्याना मांगे बाई शे. ती काय म्हनस?"

नुकतंच मी सगळ्या बाजाराला खरं सांगितलं होतं. मला वाटलं होतं त्याने काहीतरी फिटेल.

"येस म्हनस, माय," मी म्हणाले. "येस म्हनी ऱ्हायनी."

तिने मान हलवली. आत गेली, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला तुझा दुसरा स्टूल ओढून दाराशी आणला, पदराने पुसला, आणि त्याच्या शेजारी त्या बाईची वाट बघत बसली.